दादूसची हळद

हिराआतू लग्नघरात शिरली की आधी नवऱ्या मुलाच्या पोटाला हात लावायची. देवाला नमस्कार त्यानंतर, आणि चहा त्याहून नंतर. बेंबीच्या वर दोन बोटं टेकवायची, जरा दाबायची आणि सगळ्यांदेखत विचारायची, "कालच्यानं काय खाल्लंस रं?" मुलगा कोणीही असो, चार गोदामांचा मालक असो नाहीतर परदेशात शिकून आलेला, त्या दोन बोटांखाली त्याचं तोंड कसनुसं व्हायचं. "खाल्लं ना आतू, भाकरी खाल्ली," असं म्हणणाऱ्याकडे ती बघायचीसुद्धा नाही. सरळ त्याच्या आईकडे वळायची. "पोरगा खोटं बोलतो. याच्या पोटात निस्ता वारा हाय."

ती धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांच्या लग्नात प्रत्येक विधीला गाणी असतात, त्यांना धवळे म्हणतात, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. मांडव घालण्यापासून हळद उतरवण्यापर्यंत ती सांगेल तसं घर हलतं. भटजी येतात, मंगलाष्टकं म्हणतात, घड्याळ बघतात आणि जातात. हिराआतू राहायची. पुढचं लग्न गाठायच्या घाईत असलेल्या एका भटजींना तिने मांडवातच सुनावलं होतं, "भटजीबुवा, तुमचं झालं की तुमी निंगा. पन माझं झाल्याबिगर तुमचं व्हत न्हाय." भटजी गुपचूप पाटावर बसले आणि हिराआतूने मुद्दाम दोन धवळे जास्तीचे म्हटले.

दिसायला ती बुटकी, काळीसावळी, कंबरेत घट्ट. हिरवं लुगडं, दोऱ्याने बांधलेला चष्मा, आणि आवाज असा की आमच्या पूर्णा गावातल्या हमरस्त्यावर कंटेनरचा हॉर्न वाजत असला तरी तो ऐकू यावा. डीजेवाल्याला ती 'डबडेवाला' म्हणायची. हळदीला डीजे जोरात असला की त्याच्याशी भांडायची नाही, नुसती त्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर जाऊन कंबरेवर हात ठेवून उभी राहायची. एक मिनिट, दोन मिनिटं. नाचणारी पोरं एकेक करून थांबायची, मग डबडेवालाच कंटाळून बटण दाबायचा. "दमलास ना? पानी पी," असं त्याला म्हणून ती गायला सुरुवात करायची.

ती माझी सख्खी आत्या नव्हती. कोणाचीच नव्हती, म्हणून सगळ्या गावाची होती. लहानपणी मला तिचा राग यायचा, कारण ती मला प्रणाली न म्हणता 'परनाली' म्हणायची. मी चिडून सांगायचे, "आतू, परनाली नाही, प्रणाली." ती म्हणायची, "तेच बोलले ना मी." मी मुळातच तुसडी. माणसांत फार रमत नाही, कोणी सल्ला द्यायला लागलं की माझं डोकं फिरतं, आणि लग्नकार्य म्हटलं की मला ड्युटी आठवते. तेव्हा माझी आणि तिची कधी गट्टी जमेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ती जमली एका सापामुळे.

मी पूर्णेतल्या एका गोदामात डिस्पॅचचं काम बघते आणि घरी साप पाळते. दचकू नका. आपल्याकडचे साप पाळायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. माझे आहेत ते बॉल पायथन, आफ्रिकेतल्या जातीचे छोटे अजगर. विषारी नाहीत, चावरे नाहीत, घाबरले की स्वतःचाच चेंडू करून बसतात. चौघांचीही वनखात्याकडे नोंद आहे, कागद कपाटात आहेत. घराच्या मागच्या खोलीत एका मांडणीवर त्यांचे चार डबे, खालून ऊब देणाऱ्या पट्ट्या, पाण्याची वाटी आणि लपायला फुटक्या मडक्याचं एकेक खापर. तीन माद्या आणि एक नर. नराचं नाव दादूस.

बाबांनी ही खोली मला एका अटीवर दिली होती. "एक जरी मेला ना, परनाली, तर दुसऱ्या दिवशी सगले बाहेर. घरात साप मेला तर दोष लागतो. मग ती शांती कर, तो नागबली कर, मना ते नको." बाबा रागीट नाहीत, पण दोषाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मी म्हटलं होतं, "नाही मरणार." आणि चार वर्षं खरंच कोणाला शिंकसुद्धा आली नव्हती. साप शिंकत नाहीत, तो भाग वेगळा.

त्या थंडीत मी पहिल्यांदाच दादूसची जोडी लावली. आधी सोनीबरोबर, मग जाडीबरोबर. दोन्ही वेळा जमलं, मी खूश झाले, साप पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले. जोड्या लावायच्या दिवसांत नर खाणं सोडतो हे मला माहीत होतं, त्यामुळे सुरुवातीला मी निवांत होते. पण जोड्या लावून झाल्या, दादूसला त्याच्या डब्यात परत ठेवलं, तरी हा गडी काही उंदराकडे बघेना. महिना गेला, दुसरा गेला. सोळाशे ग्रॅमचा नर साडेबाराशेवर आला. पाठीचा कणा हाताला लागायला लागला.

मी काय केलं नाही ते विचारा. डीप फ्रीझरमधला उंदीर कोमट पाण्यात सोडून मऊ केला, त्याला केस वाळवायच्या मशीनने ऊब दिली, चिमट्यात धरून नाचवला. छोटा दिला, मोठा दिला, पांढरा दिला, काळा दिला. कोणी म्हणालं चिकनच्या पाण्यात बुडव, तर बुडवला. त्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरातून हाकललं ते हाकललंच. ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आजार काही नाही, वाट बघा." आणि वाट बघणं हे तर मला येत नाही. मी दर तासाला झाकण उघडून बघायचे. ऑफिसमधून बघता यावं म्हणून डब्यासमोर कॅमेरा लावला होता. रोज सकाळी वजन. रोज सकाळी दोनचार ग्रॅम कमी. आणि रोज सकाळी बाबा दारातून विचारायचे, "मेला का तुझा तो?"

तेवढ्यात घरात लग्न आलं. शेजारीच काकाचं घर, मधलं अंगण एकच. काकाचा मुलगा सागर याचं लग्न तीन दिवसांवर आलेलं, मांडव पडलेला, आणि हिराआतू सकाळपासून हजर. दुपारी मी सुट्टी टाकून घरी आले, वजन केलं, बाराशे तीस. मागच्या ओट्यावर वजनकाटा मांडीवर घेऊन मी जी रडायला लागले ती थांबेचना. पायलीभर तांदूळ निवडायला सूप शोधत हिराआतू नेमकी तिथे आली.

"कोन मेला गो?"

"कोणी नाही," मी नाक पुसत म्हटलं. "दादूस जेवत नाही."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात थोरल्या भावाला दादूस म्हणतात. सागरला आम्ही सगळी भावंडं दादूसच म्हणतो. माझ्या नराचं नाव मी त्याच्यावरूनच ठेवलेलं, कारण दोघांनाही दिवसभर लोळत पडायला आवडतं. ही चेष्टा घरात सगळ्यांना ठाऊक होती. हिराआतूला नव्हती.

"जेवत न्हाय? कवापासून?"

"अडीच महिने झाले."

"अडीच महिनं!" ती मटकन खाली बसली. "आनि तुमी मना आता सांगता? आवडीचं करून दिलं का?"

"सगळं करून दिलं. गरम दिलं, गार दिलं, चिकनच्या पाण्यात बुडवून दिलं. समोर धरलं की तोंड फिरवतो."

"भेव घेतलं असंल. पयलं लगीन हाय त्याचं."

"पहिलं कुठलं? या थंडीत दोनदा झालं. आधी सोनीशी, मग जाडीशी."

हिराआतूने पदर तोंडात कोंबला. मी माझ्या रडण्यात होते, मला काही कळलं नाही. ती इकडेतिकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या काकाला म्हाईत हाय?"

"काकाचा काय संबंध? बाबांना माहीत आहे. बाबा म्हणतात, हा मेला तर सगळ्यांना बाहेर काढीन."

दुसरी कोणी बाई असती तर हे ऐकून धावत मांडवात गेली असती आणि लग्न तिथेच मोडलं असतं. हिराआतूने काय करावं? तिने डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि म्हणाली, "ते मागनं बघू. आधी पोट." मग एखाद्या डॉक्टरसारखी एकेक गोष्ट विचारायला लागली. "त्या दोघी कुठं हायत?"

"इथेच. एक त्याच्या वर, एक बाजूला."

"एकाच खोलीत?"

"हो."

"मंग तो जेवंल कसा? आनि हलद? हलद उतरवली का त्याची?"

"हळद?"

"अंगावरची हलदीची कापडं काढली का? पाट बदलला का? का अजून नवरीच्याच पाटावर बसवलाय?"

मी रडायची थांबले. आमच्यात नवरानवरीला हळद लागली की ती उतरवेपर्यंत त्यांचं सगळं वेगळं असतं. तीच कापडं, तोच पाट, आणि भोवती सदानकदा बायांचा गराडा. हिराआतूचं म्हणणं असायचं, लगीन म्हंजे चार दिसांचा ताप, आणि तो ताप उतरतो हळद धुतली की. तोवर नवऱ्याला भूक लागत नाही आणि लागली तरी कळत नाही. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले होते, एका कानाने. त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही कानांनी ऐकलं. कारण माझ्या डोळ्यांसमोर ते खापर आलं.

नराला हुरूप यावा म्हणून जोडी लावायच्या आधी मादीच्या डब्यातली एखादी वस्तू त्याच्या डब्यात ठेवतात. मी सोनीचं खापर दादूसला दिलं होतं. आणि नंतर डबा बदलला, खालचे कागद बदलले, पाण्याची वाटी उकळून घेतली, पण खापर? ते तिथेच होतं. अडीच महिने दादूस सोनीच्या खापराखाली झोपत होता, वर जाडी, बाजूला सोनी, आणि तिघांनाही हात लावणारी मी एकच, चिमटा एकच, फडकं एकच. मला ग्रुपवर चाळीस जणांनी चाळीस उपाय सांगितले होते. पाट बदलला का, असं एकानेही विचारलं नव्हतं.

"आतू," मी म्हटलं, "तुझ्या लक्षात येतंय ना? तो साप आहे."

"कोन?"

मी उठून दार ढकललं आणि डबा दाखवला. दादूस खापराबाहेर डोकं काढून बसला होता. हिराआतू उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिली. तिने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पाणी मागितलं. अख्खा तांब्या प्यायली.

"म्हंजे सागर जेवतो?"

"सागर आत्ताच वजडीचं ताट चाटून उठला."

"मंग बरं," ती म्हणाली आणि पुन्हा ओट्यावर बसली. मला वाटलं, आता उठेल आणि आईकडे जाऊन माझी तक्रार करेल. पण ती म्हणाली, "नवरा तो नवरा. दोन पायांचा काय नि बिनपायांचा काय. याला मामाच्या घरी धाड."

आमच्याकडे हळद उतरली तरी नवरा जेवेना झाला तर त्याला चार दिवस मामाकडे पाठवायची तिची रीत होती. नवरी नाही, पाहुणे नाहीत, कोणी तोंडाकडे बघत नाही. पण दादूसला मामा कुठून आणायचा? मैत्रिणींना फोन केले. एकीची सासू, एकीचं मांजर, एकीने तर फोनच ठेवून दिला. सापाला कोण जागा देणार? मी पुन्हा रडायच्या बेताला आले, तेव्हा हिराआतू गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"माझ्या घरी आन. मागली खोली मोकली हाय, टोपल्या ठेवते ती. मामा न्हाय तर आतू हाय. पन मी सांगीन तसं कराचं."

आणि तिने सांगितलं तसंच करावं लागलं. नवा डबा, नवा चिमटा, बाजारातून आणलेलं कोरं मडकं. "तुझ्या अंगाला पन नवरीचा वास हाय, न्हाऊन ये." मी न्हाऊन, त्या खोलीत कधी न गेलेले कपडे घालून, दादूसला स्वच्छ पिशवीतून तिच्या घरी नेलं. तिचं घर जुन्या पूर्णेत, मागे गोदामाची उंच भिंत. ऊब देणारी पट्टी लावली, ऊब चालू असली की लाल दिवा दाखवणाऱ्या थर्मोस्टॅटवर तापमान ठरवलं, झाकण बंद केलं. हिराआतूने स्वतःचं एक जुनं लुगडं धुऊन आणलं होतं, ते दारातूनच माझ्याकडे फेकलं आणि डब्यावर टाकायला लावलं. मी कॅमेरा काढला तर तिने तो हिसकावून घेतला.

"ह्यो काय?"

"म्हणजे मला ऑफिसमधून बघता येईल."

"खानाऱ्याच्या तोंडाकडं बघतात काय गो? तुझ्या ताटासमोर कोनी असा डोला लावला तर तू गिलशील?"

"मग वजन तरी रोज—"

"रोज वजन करशील तर तो उतरनारच. मी पन उतरीन. आठ दिस खाना न्हाय, झाकन न्हाय, वजन न्हाय. पोरी, जरा उगी राव."

उगी राहणं! मला! पहिल्या दिवशी मी तिला सात फोन केले. ती दर वेळी तेच सांगायची, "लाल दिवा लागलाय, तुझा नवरा ऊबेला हाय." दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपली की मी तिच्या ओटीवर जाऊन बसले. तिने माझ्या पुढ्यात सूप सरकवलं. तिसऱ्या दिवशी सागरचं लग्न होतं. तोवर दादूसची गोष्ट अख्ख्या मांडवात पसरली होती, हसून हसून काकाला ठसका लागला होता. हिराआतूने सागरच्या शेरवानीवरून पोट चाचपलं, दोन बोटं आत जाईनात म्हणून चिडली, आणि जाहीर केलं, "ह्यो जेवलाय. दुसऱ्याचं बघू." बँडवालेसुद्धा हसले.

त्यानंतर मी रोजच जायला लागले. ती मला काही ना काही कामाला लावायची आणि स्वतः बोलत राहायची. कुठल्या गावचा नवरा हळदीच्या रात्री पळून अंबाडीच्या नाक्यावर वडापाव खाताना सापडला, कुठली नवरी जेवत नव्हती म्हणून हिने तिच्याबरोबर उखळात बसून बोंबील भाजून खाल्ले. "उखळात कशी बसलीस आतू?" "बाजूला गो. शब्द पकडू नको." एकदा तिने मला एक धवळा शिकवायचा प्रयत्न केला. दोन ओळी ऐकून म्हणाली, "तू सापच पाल." मला इतकं हसू आलं की बऱ्याच दिवसांनी माझं मलाच बरं वाटलं. आणि मागच्या खोलीच्या बंद दाराकडे बघायचं मी तासभर विसरले.

एक मात्र होतं. ती दादूसला साप कधी म्हणाली नाही. कायम 'तुझा नवरा' नाहीतर 'पाव्हना'. आणि दारापलीकडे कधी गेली नाही. मी म्हणायचे, ये ना बघायला, किती गोड झोपलाय. ती म्हणायची, "पाव्हन्याला उठवू नये." मला ते तिच्या रीतीतलंच वाटायचं.

नवव्या दिवशी मी म्हटलं, आता देऊन बघू? तिने मान हलवली. दहाव्या दिवशीही नाही. अकराव्या दिवशी, तिन्हीसांजेच्या आधी, तिने आपणहून सांगितलं, "आन आज." मी उंदीर मऊ करून, ऊब देऊन आणला. चिमट्यात धरून नाचवायला निघाले तर दारातून आवाज आला, "भरवू नको. ठेव आनि ये." मी मडक्याच्या तोंडाशी ठेवला, झाकण लावलं, लुगडं सारखं केलं आणि बाहेर आले. आम्ही दोघी ओटीवर, दाराकडे पाठ करून बसलो.

तो तास मी कसा काढला ते मला माहीत. उतरत उतरत आता बाराशेवर आला असेल, मी मनात म्हणत होते, याच्या खाली गेला तर संपलं. बाबा खोली रिकामी करणार, तिन्ही माद्या कोणाच्या तरी घरी जाणार, आणि हा तर त्याआधीच जाणार. मी त्याला अंड्यातून निघाल्यानंतर दोन महिन्यांचा असताना आणलं होतं, माझ्या मनगटाला वेटोळं घालून तो झोपायचा. ते सगळं मी हिराआतूला सांगितलं. ती ऐकत होती आणि तांदळातले खडे काढत होती. मधेच म्हणाली, "जा आता. हलूच उघड."

मी लुगडं उचललं, झाकण बोटभर सरकवलं. उंदीर नव्हता. मडक्याच्या बाहेर दादूस पसरला होता, आणि त्याच्या अंगात, मानेच्या खाली हातभरावर, छान गुबगुबीत फुगवटा होता.

मी जी किंचाळले! बाहेरून हिराआतू ओरडली, "काय झालं? चावला?"

"जेवला! आतू, जेवला!"

मी धावत बाहेर आले आणि तिला उचललीच. ती बुटकी असली तरी वजनदार, दोघीही ओटीवरून पडता पडता राहिलो. "सोर मना, हाडं मोडशील," असं म्हणत ती हसत होती आणि चष्मा सावरत होती. मग सूनबाईला, रंजनावहिनीला, हाक मारून गूळ मागवला, माझ्या तोंडात कोंबला, आणि तिथेच बसून एक धवळा म्हटला. हळद उतरवतानाचा. मला त्यातले निम्मे शब्द कळले नाहीत, पण शेजारच्या गोदामातले हमाल भिंतीवरून डोकावून बघायला लागले इतका तिने आवाज लावला.

दादूसला लगेच घरी न्यायला तिने नकार दिला. "तीन जेवनं हितं होऊ दे. पोट बसू दे." तीन जेवणं झाली, सगळे मिळून पंचवीस दिवस तो तिच्या घरी राहिला. मग मी त्याला आणलं तेव्हा बाबांनी मागच्या खोलीत ठेवूच दिलं नाही. "तिकडं त्या दोघी हायत ना? मग परत तेच." त्यांनी त्यांच्या खोलीतलं औषधांचं कपाट रिकामं करून तिथे डबा ठेवला. आजही दादूस बाबांच्या खोलीत असतो. मेला का, असं ते आता विचारत नाहीत. जेवला का, असं विचारतात. चैत्रात सोनीने सहा अंडी घातली तेव्हा हिराआतूला फोन केला. ती म्हणाली, "सा? बरं हाय. पन त्याला औंदा पुना बोहल्यावर चडवू नको. पोराला जरा वरीसभर जेवू दे."

गेल्या दिवाळीनंतर हिराआतू गेली. आठ दिवस ताप आला, नवव्या दिवशी संपलं. तिने ज्यांची लग्नं लावली ते सगळे नवरे खांदा द्यायला आले होते, पन्नाशीचेही आणि पंचविशीचेही. इतकी गर्दी झाली की कंटेनरवाल्यांनी अर्धा तास गाड्या बाजूला लावल्या. मी खूप रडले, पण ते रडणं सगळ्यांबरोबरचं होतं.

बाराव्याला मी रंजनावहिनीला मदत करायला गेले. मागल्या खोलीतून पत्रावळी काढताना ती म्हणाली, "कसा हाय गो तुझा नवरा?"

"मस्त आहे. दर दहा दिवसांनी जेवतो."

"लय छललं त्यानं आमच्या आयला."

मला कळेना. "आतूला? तिला तर त्याचं केवढं कौतुक होतं."

"कवतुक!" वहिनीने पत्रावळी खाली ठेवल्या. "आय लांबड्याला, सापाला किती भ्यायची, म्हाईत न्हाय तुना? आमच्या घरात वली दोरी जमिनीवर टाकाची सोय न्हवती. तो हितं व्हता ते पंचवीस दिस आय घरात झोपली न्हाय. ओटीवर, पाय वर घेऊन, पाटावर बसून रात काढाची. तू फोन केलास की त्या लाल दिव्याकडं बघाला जायची, तवा माझा हात धरून जायची. हात निस्ता घामानं भिजलेला."

रोज संध्याकाळी मी त्याच ओटीवर बसून हसत होते. सात सात फोन करत होते. "मग मला सांगितलं का नाही?" मी म्हटलं. "मी नेला असता दुसरीकडे."

"कुठं नेला असतास?"

खरंच. कुठेच नाही.

"मी बोलले ना आयला," वहिनी म्हणाली, "सांग परनालीला, तुना भेव वाटतं म्हनून. तर मनाच वरडली. बोलली, पोर रडत व्हती गो. रडनाऱ्याला आपलं भेव सांगाचं नस्तं. जागा द्याची."